उंबऱ्याबाहेरची दोरी

धसई, ता. मुरबाड
२१ ऑक्टोबर २०२४

आदरणीय छायाताई,

नमस्कार. आपल्या वडिलांचे आणि माझ्या वडिलांचे घर एकच असले, तरी गेल्या चोपन्न वर्षांत आपल्यात एकाही पत्राची देवघेव झालेली नाही. त्यामुळे हे पाकीट पाहून आपण ते न फोडता बाजूला ठेवाल, अशी शक्यता मी गृहीत धरली आहे. तसे करू नये, ही विनंती. आपल्या शेजारच्या बाईजा यांचे माहेर इथलेच. आपल्याला फोनवर ऐकू येत नाही, असे त्यांच्याकडून कळले, म्हणून लिहितो.

धसईच्या घराची दुरुस्ती मी मार्च महिन्यापासून हाती घेतली आहे. सन १८९१चे बांधकाम. दिवाणखाना, ओसरी आणि जिना पूर्ववत झाले. उरली आहे ती मुलांची खोली. माझी कन्या समीक्षा हिची प्रसूती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित आहे. बाळाचे बारसे रविवार, दिनांक १५ डिसेंबर रोजी, त्याच खोलीत, घरातल्या जुन्या शिसवी पाळण्यात करण्याचे ठरले आहे. तोवर ती खोली सन १९७०मध्ये होती तशीच, तंतोतंत, उभी राहावी अशी माझी इच्छा आहे. तिचे एकही छायाचित्र नाही. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. ती आज एक सांगते, उद्या दुसरेच. तेव्हा खिडक्यांचा रंग, फरशी, पलंग, कोनाडे यांविषयी आपल्याला जे आठवत असेल ते कळवावे.

त्या जुन्या प्रसंगाविषयी मी काही विचारणार नाही. आपण तेव्हा नऊ वर्षांच्या होता. मुलांना राग येतो. आपण दोरीला हिसका दिलात, पाळणा एका बाजूने सुटला आणि माझा डावा कोपर कायमचा वाकडा राहिला. त्याबद्दल मी कधी कोणाला जाब विचारला नाही आणि विचारणार नाही.

आपला,
श्रीरंग दत्तात्रेय टिपणीस


भातसानगर
३० ऑक्टोबर २०२४

श्री. श्रीरंग टिपणीस यांस,

पत्र फोडले. विचारलेत तेवढे सांगते.

खिडक्या दोन, समोरासमोर नव्हेत, एकाच भिंतीत. गज लाकडी, कातलेले. खालची झडप हिरवी, वरची तशीच तेलपाणी केलेली. डावीकडच्या खिडकीच्या वरच्या अर्धगोलात निळी काच होती, ती फुटली तेव्हा तिथे पुठ्ठा लावला आणि तो तसाच राहिला. दोन खिडक्यांच्या मध्ये कोनाडा. त्यात पितळी समई नसे, लाकडी बैल असे, शेपूट तुटलेला. फरशी काळी. खिडकीपासून तिसऱ्या ओळीतली एक फरशी सुटी होती, तिच्यावर पाय पडला की टक् असा आवाज येई. पलंगाच्या पायांना पंजे कोरलेले होते, मधल्या नखाचा टवका उडालेला. पलंगाखाली कायम एक परडी असे. तुळईवर अंगठ्याएवढी गाठ होती, डोळ्यासारखी दिसायची. दुपारी ऊन कोनाड्यापर्यंत येई आणि घरात चहा ठेवला की बैलाच्या पाठीवर असे.

पाळणा त्या तुळईला टांगू नका. जुना असो, नवा असो. कारण विचारू नका.

छाया रणदिवे


धसई
११ नोव्हेंबर २०२४

आदरणीय छायाताई,

आपले पत्र दिनांक ४ रोजी मिळाले आणि ६ रोजी समीक्षेला मुलगी झाली. दोघी मुरबाडला सुखरूप आहेत.

आपल्या स्मरणशक्तीपुढे मी नतमस्तक आहे. झडपेचा रंग खरवडला तेव्हा तिसऱ्या थराखाली हिरवा लागला. सुटी फरशी सापडली आणि ती अजूनही वाजते. मी धाऊला, म्हणजे आमच्या सुताराला, आपले पत्र वाचून दाखवले. तो म्हणाला, “बायनी डोस्क्यात फोटो काडून ठेवलाय का वो? आमाला काल काय खाल्लं त्ये आठवत नाय.” तुटक्या शेपटीचा बैल माळ्यावरून उतरवलेल्या पेटीत मिळाला, तो कोनाड्यात गेला.

आता पाळण्याविषयी. कारण नसलेली सूचना मला पाळता येत नाही. तो माझा स्वभाव म्हणा वा दोष. तुळई सागवानी आहे. धाऊने ती टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिली, वाळवी नाही. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, माझ्या बारशासाठी कल्याणहून मागवलेल्या त्याच दोन पितळी कड्या त्याच जागी, पूर्वी होत्या त्याच रीतीने बसवून घेतल्या आहेत. पाळणा टांगून झाल्यावर धाऊ स्वतः त्यात जाऊन बसला. “मी सोता बसलो, सायेब, पासष्ट किलोचा मानूस. पोरगी ती केवढी, मांजराएवढी! काय व्हनार नाय.” हे त्याचे शब्द.

त्या वेळी जे घडले ते हिसक्यामुळे घडले. कड्यांचा त्यात दोष नव्हता. तरीही आपल्याला काही ठाऊक असेल, तर ते स्पष्ट लिहावे. नसेल, तर माझ्या नातीच्या बारशावर असे सावट टाकू नये, ही नम्र विनंती.

आपला,
श्रीरंग


भातसानगर
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. श्रीरंग यांस,

मुलगी झाली, आनंद वाटला. तिला मांडीवर ठेवा. दुपट्यावर खाली निजवा. मुरबाडला लोखंडी स्टँडचा पाळणा भाड्याने मिळतो, तो आणा. तुळईला टांगू नका.

कारण मी लिहिणार नाही. एकदा बोलले होते, ते पुरे झाले.

छाया


धसई
२७ नोव्हेंबर २०२४

छायाताई,

हे पत्र मला कठोर लिहावे लागत आहे.

गेल्या गुरुवारी धाऊने मुलांच्या खोलीच्या दाराकडील भिंतीचा चुना खरवडला. आतून एक हत्ती निघाला. चार फूट लांब, तैलरंगात काढलेला, पाठीवर अंबारी, अंबारीत दोन मुले आणि माहुताला लाल पागोटे. कोपऱ्यात सन १९३८ असे लिहिले आहे. ती भिंत पांढरी केली १९७४ साली. हे आई आणि जुनी कागदपत्रे दोन्ही सांगतात. म्हणजे आपण या घरात होता ती सर्व वर्षे तो हत्ती तिथे उघडा होता.

ज्या व्यक्तीला पलंगाच्या नखाचा टवका आठवतो, तिला चार फुटांचा हत्ती आठवत नाही. या घरात वाढलेल्या कोणत्याही मुलाने पहिल्याच ओळीत हत्ती लिहिला असता. यावरून मी दोनच निष्कर्ष काढू शकतो. एक तर आपल्या स्मरणावर मी ठेवला तेवढा विश्वास ठेवणे चूक आहे, किंवा आपण मला हवे तेवढेच सांगता आणि हवे ते राखून ठेवता.

“एकदा बोलले होते” या आपल्या वाक्याविषयी. माझ्या लहानपणी घरातल्या बायका आवाज खाली आणून म्हणत, छाया वाईट बोलली आणि तसेच झाले. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले. परवा आईला मुद्दाम विचारले. तिने ऐकूच न आल्यासारखे केले. आता आपणच ते वाक्य लिहून पाठवता. चोपन्न वर्षांपूर्वी एका बाळाविषयी जे बोललात ते आज दुसऱ्या बाळाविषयी सुचवता आहात, असा याचा अर्थ मी घ्यायचा काय?

बारसे ठरल्याप्रमाणे होईल. दिनांक १५ रोजी सकाळी अकरा वाजता मूल त्या पाळण्यात ठेवले जाईल. आणखी काही लिहायचे असल्यास त्यापूर्वी लिहावे.

श्रीरंग टिपणीस


भातसानगर
११ डिसेंबर २०२४

श्रीरंग,

तुझे पत्र दोन तारखेला आले. नऊ दिवस मी गप्प राहिले. आता टपालावर भरवसा नाही, म्हणून बाईजाच्या हातात देते. ती उद्या सकाळच्या गाडीने माहेरी येते आहे. तिला सांगितले आहे, पत्र त्याच्याच हातात द्यायचे आणि तो वाचेपर्यंत तिथून हलायचे नाही.

मी हत्ती पाहिलेला नाही. मी त्या खोलीत कधी गेलेच नाही.

माझे वडील मी पोटात असताना गेले. म्हणून मी आणि माझी आई, दोघींनी मुलांच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, असा घरात दंडक होता. लहान बाळावर आमची सावली नको. पण बाळाला झोके द्यायला हात तर हवे होते. म्हणून पाळण्याची दोरी लांब केलेली होती. ती उंबऱ्यावरून बाहेर येई आणि बाहेर पाटावर मी बसे. शाळेतून आले की दोरी, जेवले की दोरी. समोर दोन खिडक्या, कोनाडा, बैल, पलंगाचे दोन पाय. मागचे दोन मी तुला लिहिले नाहीत, कारण ते मला दिसत नसत. दाराची भिंत माझ्या बाजूला होती, तिचा आतला भाग मी कसा पाहणार? तू मला खोली विचारलीस, मी तुला उंबऱ्यावरून दिसते तेवढी सांगितली.

आता दुसरे. खोलीवरच्या माळ्यावर कांदे असत. ते आणायला मीच बाहेरच्या शिडीने चढत असे. पाळण्याच्या जुन्या दोन लोखंडी सळया तुळईतून आरपार वर आलेल्या होत्या आणि वर जाड पट्टीवर नटांनी आवळलेल्या होत्या. त्यांच्यावर मी दहा वेळा अडखळले असेन. तुझ्या बारशाच्या आदल्या दिवशी मी कांदे आणायला गेले, तर अडखळले नाही. सळया नव्हत्या, नट नव्हते. भोकांत खालून लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्या खुंट्यांत तुझ्या अप्पांच्या पितळी कड्या फिरवल्या होत्या. खालून सुंदर दिसत होत्या.

मी ओसरीवर गेले. तुझे अप्पा आणि पाहुणे बसले होते. मी म्हटले, “मोठे काका, वर नट नाहीत, पाळणा पडेल.”

त्यांनी उजव्या कानाखाली मारली. म्हणाले, “शुभकार्यात हे बोलायला हिला कोणी शिकवलं?” त्या कानाने मला त्या दिवसापासून ऐकू येत नाही. डावा आता वयाने गेला.

पुढचे अकरा महिने मी दोरी इतकी हळू ओढली की मोठ्या काकू, म्हणजे तुझी आई, म्हणायच्या, हिच्या हातात जीवच नाही. पडला त्या दिवशीही हळूच ओढत होते. हिसका दिला नाही, श्रीरंग. दोरी एकदम माझ्या हातात सैल आली आणि मग आवाज झाला. मी आत धावणार होते, तर कोणीतरी मागून वेणी धरली. संध्याकाळच्या आत आम्ही दोघी घराबाहेर होतो. पहिली दोन वर्षे शहापूरला एका पडवीत काढली.

मी कधी कोणाला सांगितले नाही, कारण मला सांगण्यात आले की बोलले म्हणूनच घडले. मी आज त्रेसष्ट वर्षांची आहे, मला कळते हे खोटे आहे. तरीही माझ्या दोन मुलांना, तीन नातवंडांना मी आजवर एकदाही “जपून, पडशील” असे म्हटलेले नाही. जीभच उचलत नाही. पोरे झाडावर चढली की मी घरात जाते.

तुझी नात जेमतेम महिन्याची आहे, आणि तू लिहितोस कड्या पूर्वी होत्या त्याच रीतीने बसवल्या. म्हणून लिहिते. वर नट नाहीत. पाळणा पडेल.

लिहिले. आता पुढे काय होईल ते मला बघवत नाही. माळ्यावर जा.

छाया


धसई
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय छायाताई,

प्रथम तेवढेच: मूल सुखरूप आहे. त्या पाळण्यात ते एक क्षणही ठेवलेले नाही.

गुरुवारी साडेअकराला बाईजा आल्या. पत्र हातात देऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी म्हटले, “बसा, चहा घ्या.” त्या म्हणाल्या, “च्या नंतर. तुमी आदी वाचा. तिनी मला शप्पथ घातलीय.” मी उभ्यानेच वाचले. शेवटच्या परिच्छेदाला पोचलो आणि धाऊला हाक मारली.

माळ्याच्या फळ्या आम्ही सप्टेंबरमध्येच नव्याने ठोकून बंद केल्या होत्या. तीन फळ्या उचकटल्या. तुळईच्या वरच्या अंगाला दोन भोके होती आणि भोकांत खुंट्यांची गोल टोके. नट नाही, पट्टी नाही. मी वर थांबलो. धाऊ खाली गेला आणि त्याने उजवीकडची कडी नुसत्या हाताने फिरवली. चौथ्या फेऱ्याला ती खुंटीसकट त्याच्या हातात आली. पासष्ट किलो स्थिर वजन तिने पेलले होते. झोके तिने किती दिवस पेलले असते, हे आपल्याला आणि मला दोघांनाच माहीत आहे.

मी धाऊवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, “सायेब, जुन्या खुंट्या कुजल्या व्हत्या, मी नव्या केल्या. मी तुमाला इचारलं व्हतं, आरपार सळी घालू का. तुमी म्हनलं, नाय, जसं व्हतं तसंच पायजे.” त्याने विचारले होते. मी तसेच म्हटले होते. त्या घरात माझ्या वडिलांनी केलेली चूक मी तंतोतंत पूर्ववत करून घेतली होती आणि तिचा मला अभिमान वाटत होता.

यापुढचे लिहिणे अवघड आहे, पण आपल्याला ते कळण्याचा अधिकार आहे.

कडी हातात घेऊन मी खाली आलो. आई ओसरीवर बाळाची दुपटी घडी करत बसली होती. तिने कडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “कोणी सांगितलं?” मी म्हटले, “छायाताईने.”

आई म्हणाली, “पुन्हा?”

मी तिच्यासमोर बसलो. बराच वेळ ती दुपटीच घडी करत राहिली. घातलेली घडी मोडायची आणि परत घालायची. मग सांगू लागली. अप्पांनी आपल्याला मारले तेव्हा ती मागच्या खोलीत मला पाजत होती. आपले वाक्य तिने पूर्ण ऐकले होते. अप्पांना विचारायची तिची हिंमत झाली नाही. “बारशाचा विधी उरकला आणि मग दोन दिवस तुला मांडीवरच घेऊन बसले,” ती म्हणाली. “मग सासूबाई बोलल्या. मग पाळण्यात ठेवलं. महिना गेला, काही झालं नाही. मला वाटलं, पोरीला काय कळतंय.” मी विचारले, “आणि पडल्यावर?” ती म्हणाली, “पडल्यावर कोणत्या तोंडाने सांगू? ती म्हणाली होती आणि मी ऐकलं होतं, हे सांगायचं? तिनं हिसका दिला हे सगळे म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.” मग तिने माझा डावा हात धरला आणि कोपरावर बोटे ठेवून बसली. मी तो सोडवून घेतला, हे आपल्यापासून लपवत नाही.

बारसे ओसरीवर झाले, आपण सांगितलेल्या लोखंडी स्टँडच्या पाळण्यात. कल्याणच्या मामींनी सर्व बायकांसमक्ष विचारले, “अगं, एवढी खोली सजवली आणि बारसं बाहेर? त्या छायाची बाधा अजून आहे की काय आत?” काही जणी हसल्या. मी उत्तर देणार इतक्यात आई उठून उभी राहिली. ती म्हणाली, “छायाने कड्या कच्च्या आहेत म्हणून सांगितलं होतं. आठ वर्षांची होती. माझ्या घरातल्या एका मोठ्या माणसाला ते दिसलं नाही. तिनं हिसका दिलेला नाही. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.” मामी पान लावू लागल्या. मग समीक्षेनेच पाळणा म्हणायला सुरुवात केली.

दिनांक २१ ऑक्टोबर, ११ नोव्हेंबर आणि २७ नोव्हेंबर या माझ्या तिन्ही पत्रांत मी आपल्यावर हिसक्याचा किंवा दुष्ट हेतूचा आरोप केला आहे. तो मी लेखी, विनाअट मागे घेतो. क्षमा मागण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

एक गोष्ट मात्र निश्चित सांगतो. या वेळीही आपण बोललात, आणि काहीही पडले नाही.

आपला,
श्रीरंग


भातसानगर
२२ डिसेंबर २०२४

चि. श्रीरंग यास,

अनेक आशीर्वाद. हा मायना लिहिताना हात जरा अडला, पण लिहिला.

रविवारी मला काही सुचत नव्हते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. घरातल्यांना वाटले, माझी तब्येत बिघडली. बाईजा अजून तिकडेच होती. तिने दुपारी तिच्या सुनेला फोन केला. सून धावत आली आणि मला ऐकू येत नाही म्हणून तिने दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला आणि हसली. तेव्हा मी जेवायला बसले.

मग बुधवारी तुझे पत्र आले. “पुन्हा?” या शब्दापर्यंत वाचले आणि ठेवून दिले. घासलेली भांडी परत घासली. माझी सून खुणेने विचारत होती, आई काय झाले. तिला काय सांगणार? इतकी वर्षे मला वाटत होते की त्या घरात माझे बोलणे कोणीच ऐकले नाही. ते बरे होते. ऐकून कोणी गप्प बसले, हे जास्त जड आहे. मोठ्या काकूंना सांग, पत्र वाचले. बायकांसमोर बोलल्या, तेही वाचले. त्यांना आणखी काय कळवायचे ते मला अजून सापडलेले नाही. सापडले तर लिहीन.

धाऊवर पुन्हा ओरडू नकोस. त्याने विचारले होते.

काल आमचा धाकटा नातू गच्चीच्या कठड्यावर चढला. मी खालून म्हटले, “उतर रे, पडशील.” म्हटले आणि पायरीवर बसले. तो उतरला. ओठांवरून कळले, म्हणत होता, “आजी, केवढ्यांदा ओरडलीस!” मला ऐकू येत नाही, त्यामुळे केवढ्यांदा ते माहीत नाही.

खोली बघायला येईन की नाही, ते आज सांगत नाही. आग्रह करू नकोस.

तू सगळे नीट लिहितोस. भोके किती, फेरे किती, कोण काय म्हणाले, सगळे लिहिलेस. फक्त मुलीचे नाव काय ठेवले, ते लिहिलेले नाहीस. ते कळव.

तुझी,
छायाताई